मनाचा आलेख : परदेशी वास्तव्यातले चढउतार



गेल्या वर्षी गणेशोत्सवात मंदिराच्या स्वयंपाकघरात आम्ही दहा-बाराजणी मोदक वळायला बसलो होतो. माझ्या शेजारी एक नवीन मुलगी होती. लग्न होऊन नाशिकहून आलेली, इथे येऊन सात-आठ महिने झालेले. हात छान चालत होता तिचा. मी आपलं सहज विचारलं, "काय गं, रुळलीस का इथे?"

"हो काकू, मजेत आहे!" ती म्हणाली. पण म्हणताना तिने मान वर केली नाही, आणि हातातली पारी उगाचच पुन्हा पुन्हा दाबत राहिली.

हे "मजेत" मी फार चांगलं ओळखते. १९९६ साली दर रविवारी सकाळी नऊ वाजता फोनवर मी माझ्या आईला तेच सांगत होते. समितीने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा ठरवलं, की यंदा पाककृती किंवा प्रवासवर्णन नको. परदेशात राहताना मनाचं नेमकं काय होतं, अभ्यासकांनी त्याबद्दल काय सांगितलंय, आणि माझ्या बाबतीत काय झालं, ते सरळ लिहावं. नव्याने आलेल्यांना त्याचा उपयोग होईल, आणि जुन्यांना आपले दिवस आठवतील.

दुखण्याला नाव असतं

घरच्या ओढीने माणूस झुरतो हे सगळ्या जगाला पूर्वीपासून ठाऊक आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या तरुणाने स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे वैद्यकाच्या प्रबंधात या दुखण्याला नाव दिलं. "घरी परतणे" आणि "वेदना" या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने "नॉस्टॅल्जिया" हा शब्द बनवला. आज आपण जुनी गाणी ऐकताना तो सहज वापरतो, पण तेव्हा ते चक्क एका आजाराचं नाव होतं!

"कल्चर शॉक" या शब्दाचा नीट खुलासा केला तो कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने. १९५४ साली रिओ द जानेरो इथल्या महिला मंडळापुढे त्याने या विषयावर भाषण दिलं. परदेशी नवऱ्यांबरोबर ब्राझीलला आलेल्या बायकांसारख्यांना त्या विषयाची गरज कळली असणारच! त्याचं म्हणणं थोडक्यात असं : रोजच्या वागण्यात आपण शेकडो बारीकसारीक खुणांवर विसंबून असतो. कधी नमस्कार करायचा, कधी हसायचं, कोणाचं बोलणं मनावर घ्यायचं, पाहुण्याला किती आग्रह करायचा. या खुणा आपण लहानपणापासून नकळत शिकलेल्या असतात. नव्या देशात त्या एकदम निरुपयोगी होतात, आणि माणूस शिकलेला असो, हुशार असो, पाण्याबाहेरच्या माशासारखा तडफडतो.

ओबर्गने याचे चार टप्पे सांगितले. पहिला नवलाईचा, दुसरा चिडचिडीचा, तिसरा सावरण्याचा आणि चौथा रुळण्याचा. पुढे १९५५ साली स्वेर लिसगार्ड या नॉर्वेच्या अभ्यासकाने अमेरिकेत शिष्यवृत्तीवर राहून गेलेल्या २०० नॉर्वेजियन लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले खूश होते. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं मन सर्वांत खाली होतं. त्याहून जास्त राहिलेले पुन्हा वर आलेले होते. कागदावर काढलं तर इंग्रजी "यू" अक्षरासारखा आलेख होतो.

माझा "यू"

मी मूळची साताऱ्याची. तिथे कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवत होते. जानेवारी १९९६ मध्ये लग्नानंतर क्लीव्हलंडजवळ आले. पहिले काही महिने सगळंच नवल! पहिला बर्फ पडला तेव्हा मी पायात मोजे न घालताच बाहेर धावले होते. दुकानात दुधाचेच इतके प्रकार, की आईला तीन पानी पत्र लिहिलं. फोटोंची दोन पाकिटं भरून पोस्टाने पाठवली.

ऑगस्ट-सप्टेंबरपासून गाडी उताराला लागली. एच-४ व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी एकच, ती घेऊन हे आठ वाजता जाणार. बस घराजवळून जात नव्हती. भिंतीवर मी दोन घड्याळं लावली होती, एक इथलं आणि एक भारताचं. हिवाळ्यात इथे सकाळचे साडेसहा वाजले, की साताऱ्यात संध्याकाळचे पाच. "आता माझं प्रॅक्टिकल सुटलं असेल," असं म्हणत मी अंथरुणात पडून राहायची. खरं तर मी इथल्या घड्याळावर जगतच नव्हते.

एक दिवस आमटीला फोडणी घातली आणि धुराचा अलार्म कर्कश वाजायला लागला. शेजारच्या बाईंनी दार ठोठावलं. "सगळं ठीक आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी ठीक आहे म्हटलं, दार लावलं आणि जमिनीवर बसून तासभर रडले. ते रडणं अलार्मचं नव्हतं, हे आज कळतं. स्वतःच्या घरात साधी मोहरी तडतडली तरी शेजारी चौकशीला येतात, म्हणजे मी इथे चुकीचीच आहे, असं काहीतरी मनाने घेतलं होतं. त्या रात्री ह्यांच्याशी मिठावरून भांडले. ह्यांचं तरी काय चाललं होतं, ते मी कधी विचारलंच नाही. ऑफिसात रोज नवीन बोलीचं इंग्रजी, वर व्हिसा कंपनीच्या हातात. तेसुद्धा "यू"च्या तळाशीच होते, फक्त त्यांचा तळ ऑफिसात होता.

आणि रविवारचा फोन! तेव्हा भारतात फोन करायचा तर मिनिटाला डॉलरच्या आसपास पडायचा. त्या दहा मिनिटांत रडून कसं चालेल? म्हणून "मजेत आहे". तिकडून आई विचारायची, "आणि तब्येत?" "छान." मग मी विचारायचे, "अण्णा कसे आहेत?" "मजेत आहेत हो!"

जीवाणूंनी शिकवलेला धडा

सावरायला मदत केली ती माझ्याच विषयाने. एका दुपारी जुनं पुस्तक चाळत होते आणि जीवाणूंच्या वाढीचा आलेख समोर आला. तो मी वर्गात दहा वेळा तरी फळ्यावर काढला असेल. जीवाणू एका पोषक द्रवातून काढून दुसऱ्या वेगळ्या द्रवात घातले, की काही काळ त्यांची संख्या वाढतच नाही. आलेख आडवा जातो. याला "लॅग फेज" म्हणतात. विद्यार्थी विचारायचे, "मॅडम, ते मेले का?" मी सांगायची, "नाही रे. आत जोरात काम चालू आहे. नवीन अन्न पचवायला नवीन एन्झाइम्स तयार करतायत. बाहेरून दिसत नाही एवढंच." नवीन द्रव जुन्यापेक्षा जितका वेगळा, तितकी ही अवस्था सहसा लांबते.

हे मी इतरांना शिकवलं होतं, स्वतःला लावलं नव्हतं! सहा महिन्यांत माझी "काहीच प्रगती नाही" म्हणून मी स्वतःला दोष देत होते. पण त्या काळात मी इथलं बोलणं ऐकायला शिकले होते, बर्फात चालायला शिकले होते, चेक लिहायला शिकले होते. आत काम चालूच होतं.

मग मी तीन गोष्टी केल्या. भारतीय वेळेचं घड्याळ भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं. गाडीचा परवाना काढला, दुसऱ्या प्रयत्नात! आणि गावच्या लायब्ररीत आठवड्यातून दोनदा पुस्तकं लावायला स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. तिथल्या एका आजीबाईंनी मला पहिल्यांदा "उद्या येशील ना?" असं विचारलं. कोणीतरी आपली वाट पाहतंय, ही भावना किती मोठी असते! ओबर्गने म्हटलंय, की माणूस स्वतःच्या फजितीवर हसायला लागला की समजावं, तो सावरतोय. त्या डिसेंबरात मी अलार्मची गोष्ट लायब्ररीत सांगितली आणि सगळ्यांबरोबर मीही हसले.

दुसरी घसरण

१९६३ साली गुलाहॉर्न पती-पत्नींनी लिसगार्डच्या "यू"ला आणखी एक "यू" जोडला. माणूस मायदेशी परततो तेव्हाही तो पुन्हा घसरतो आणि पुन्हा सावरतो. म्हणजे आलेख "डब्ल्यू"सारखा. याची कोणी आधी कल्पना दिली असती तर!

१९९८ साली मी पहिल्यांदा साताऱ्याला गेले. दोन वर्षं ज्या घराची स्वप्नं पाहिली, त्या घरात आईने माझ्यासाठी पाहुण्यांचं ताट काढलं. कॉलेजात माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. मैत्रिणींच्या गप्पांतले विनोद मला कळेनात. मी नसताना ते तयार झाले होते! रस्ता ओलांडायला मी घाबरत होते आणि भाऊ हसत होता. मनात आलं, तिथली झाले नाही आणि इथलीही उरले नाही.

जीवाणूंच्या जगात याचंही उदाहरण आहे. १९४० च्या दशकात जाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने जीवाणूंना दोन प्रकारची साखर एकत्र दिली. पहिली संपेपर्यंत ते भराभर वाढले, मग वाढ थांबली, आणि दुसरी पचवायची तयारी झाल्यावर पुन्हा सुरू झाली. दुसरा थांबा हा अपयश नसतो, ती पुन्हा तयारी असते.

पण त्या भेटीत मला बसलेला खरा धक्का वेगळाच होता. अण्णांच्या औषधांचा डबा शोधताना हॉस्पिटलचे कागद सापडले. ऑक्टोबर १९९६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. नऊ दिवस ते हॉस्पिटलात होते. त्या नऊ दिवसांतल्या रविवारीही आई मला "मजेत आहेत हो" म्हणाली होती, आणि मीही तिला "मजेत" म्हणाले होते!

मी रागावले. आई शांतपणे म्हणाली, "तू तिथे एकटी. सांगून काय केलं असतंस? आणि तुझं 'मजेत' मला कळत नव्हतं होय?" दोघी एकमेकींना जपत होतो आणि त्यामुळेच दोघीही एकट्या पडलो होतो.

आलेख कुठे अपुरा पडतो

आता थोडी दुसरी बाजू. "यू" हा काही निसर्गनियम नाही. कॉलीन वॉर्ड यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात नवलाईचा काळ दिसलाच नाही. सर्वांत जास्त त्रास अगदी सुरुवातीलाच होता आणि पुढे तो कमी होत गेला. म्हणजे कोणी पहिल्याच दिवशी रडेल, कोणी दोन वर्षांनी, तर कोणी रडणारही नाही. आपला आलेख दुसऱ्याच्या आलेखाशी ताडून पाहू नये.

शिवाय आपण काही शिष्यवृत्ती संपली की परतणारे नव्हे. आपल्यापैकी बहुतेकजण राहिलो. त्यामुळे लाटा पुढेही येतात. मूल शाळेत जाऊन आपल्या डब्याला नाक मुरडतं तेव्हा एक लाट येते. मुलं कॉलेजला गेली की दुसरी. आणि सर्वांत मोठी लाट म्हणजे रात्री दोनचा फोन. २०११ साली आई गेली तेव्हा मी विमानात होते. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा दुःखाबद्दल खूप लिहिलंय, की माणूस शरीराने दूर पण मनाने सतत जवळ असतो, आणि त्यामुळे वियोग नक्की कधी झाला तेच कळत नाही. माझा आईशी वियोग २०११ मध्ये झाला की १९९६ मध्ये विमानतळावर? मला अजूनही सांगता येत नाही.

आपल्याकडे सहा-सहा महिने राहायला येणाऱ्या आजी-आजोबांचाही असाच आलेख असतो, हेही विसरू नये. त्यांना ना गाडी, ना शेजार, ना भाजीवाला.

रुळणं म्हणजे काय?

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी दोन साधे प्रश्न मांडले. माझी संस्कृती मला टिकवायची आहे का? आणि नव्या समाजात मला मिसळायचं आहे का? दोन्हींना "हो" म्हणणारा समन्वय साधतो. फक्त पहिल्याला "हो" म्हणणारा अलिप्त राहतो. फक्त दुसऱ्याला "हो" म्हणणारा विरघळून जातो. दोन्हींना "नाही" म्हणणारा अधांतरी लटकतो. त्यांच्या अभ्यासात साधारणपणे समन्वय साधणाऱ्यांचं मन सर्वांत ठीक आढळलं. मात्र त्यासाठी समोरच्या समाजानेही दार उघडावं लागतं, हेही त्यांनी सांगितलंय. म्हणजे न रुळण्याचा सगळा दोष आपला नसतो!

आपल्यातलंच एक जुनं उदाहरण पाहा. १८८३ साली अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकायला एकटी अमेरिकेत आली. साडी सोडली नाही, शाकाहार सोडला नाही, पण न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी मावशीचं नातं जोडलं. १८८६ मध्ये ती फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात क्षयाने गेली. तिच्या हिमतीचं कौतुक करताना तिने सोसलेल्या थंडीचं आणि एकटेपणाचंही भान ठेवावं, असं मला वाटतं.

थोडं व्यवहाराचं

माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगते.

१. रोज एकदा घराबाहेर पडा, विशेषतः हिवाळ्यात. कमी उजेडामुळे येणाऱ्या उदासीला १९८४ पासून वैद्यकशास्त्रात नाव आहे. दुपारची वीस मिनिटं उजेडात चालणं हा आळस घालवायचा उपाय नव्हे, ते औषधच समजा.

२. इथलं एक तरी माणूस जोडा, शेजारी, लायब्ररी, मुलांची शाळा, कुठेही. आपली माणसं मन हलकं करतात, पण इथल्या खुणा इथलीच माणसं शिकवतात.

३. नोकरीची परवानगी नसेल तर तिच्याशिवाय काय शिकता येईल ते पाहा. २०१५ मध्ये नियम बदलून एच-४ वरच्या काहींना कामाची परवानगी मिळाली, पण सगळ्यांना नाही. थांबण्याचा काळ मोठा असू शकतो. माझी प्रयोगशाळेची परीक्षा मी त्याच काळात अभ्यासली, आणि पुढे वीस वर्षं त्यावर नोकरी केली.

४. नवरा-बायकोंनी आठवड्यातून एकदा एकमेकांना विचारावं, "या आठवड्यात सर्वांत अवघड काय गेलं?" उपाय सुचवू नये, फक्त ऐकावं.

५. उदासी आणि आजार यांतला फरक ओळखा. दोन आठवडे बहुतेक दिवसभर मन खाली असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा काही नाही. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर २०२२ पासून अमेरिकेत ९८८ या नंबरावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.

६. घरच्यांना खरं सांगा. सगळं नाही, पण थोडं तरी. आणि त्यांनाही खरं सांगायला सांगा. आता व्हिडिओवर चेहरा दिसतो, पैसेही पडत नाहीत. पण चेहरा दिसत असूनही "मजेत" म्हणता येतंच की!

शेवटी

त्या नाशिकच्या मुलीला मी पुढच्या शनिवारी घरी चहाला बोलावलं. प्रश्न काही विचारला नाही. अलार्मची गोष्ट सांगितली, अण्णांच्या कागदांचीही सांगितली. चहा गार झाला, आणि मग ती बोलायला लागली. दोन तास बोलली. निघताना म्हणाली, "काकू, मला वाटलं होतं मीच एकटी अशी आहे."

मंडळी, आपण या मंदिरात मूर्ती आणतो, आरत्या म्हणतो, शंभर लोकांचा प्रसाद करतो. त्याबरोबर एवढं आणखी करू या. नव्याने आलेल्या घरी पहिल्या वर्षात आपल्यापैकी कोणीतरी महिन्यातून एकदा फोन करायचा. "कसे आहात?" विचारायचं, आणि "मजेत" ऐकल्यावर लगेच फोन ठेवायचा नाही. थोडं थांबायचं. खरं उत्तर बहुतेक वेळा त्यानंतरच येतं.

यंदाही मोदकांना ती येणार आहे. तिच्या शेजारची जागा मी धरून ठेवली आहे.

गणपती बाप्पा मोरया!